चित्रकलेत पुढे शिकायचे आहे? (पदवी ते पदव्युत्तर)



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन पालक तरी चित्रांची फाईल घेऊन शाळेत येतात. फाईलमध्ये गणपती, शिवाजी महाराज, एखाद्या नटीचा चेहरा, सूर्यास्त. शेडिंग अगदी सुबक. आई विचारते, ‘‘सर, हिचा हात चांगला आहे हो, पण यात पुढे काय? आणि फाईन आर्ट्सला प्रवेश मिळेल का?’’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतला एक विद्यार्थी प्रवेश परीक्षेला बसला. स्पर्धांतली बक्षिसे ढीगभर. परीक्षेत समोर एक घागर, दोन वांगी आणि चुरगळलेले कापड मांडले होते. मुलगा गोंधळला. त्याने तोवर जे काढले ते फोटोवरून, चौकोन आखून. मांडलेली वस्तू आपण कुठे बसलो आहोत त्याप्रमाणे बदलते, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. कुणी म्हणजे मीच. स्पर्धेत नंबर यावा म्हणून त्याला नकला करायला मीच दिल्या होत्या. त्याचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला, पण मधल्या वर्षात त्याने रोज खंडेराव मार्केटात बसून भाजीवाल्या आणि हातगाड्या काढल्या.

कलाशिक्षणाच्या प्रवेश परीक्षांचे स्वरूप थोड्याफार फरकाने सारखे असते. वस्तुचित्र म्हणजे समोर दिसते ते, स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून, आणि संकल्पचित्र म्हणजे आकारांची स्वतः केलेली रचना. यांपैकी एकातही फोटोची नक्कल उपयोगी पडत नाही. तेव्हा आठवी-नववीपासून एक साधी वही जवळ ठेवा. मांडवीची कमान, वर्गातला बाक, झोपलेली आजी, काहीही चालेल. चित्र बिघडले तर पान फाडू नका, तारीख घालून ठेवा.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. आपण बडोदेकर या बाबतीत भाग्यवान आहोत. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर याच कलाभवनात शिकले. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० मध्ये त्यात ललित कला विद्याशाखा निघाली. त्या काळी मुंबईसारख्या ठिकाणी कलाशाळेतून डिप्लोमा मिळे, येथे कलेसाठी विद्यापीठाची पदवी मिळू लागली. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे सुरुवातीपासून १९६६ पर्यंत येथे शिकवत होते. बेंद्रे मूळचे इंदूरचे, तिथे देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले. मराठी घरातला एक मुलगा इंदुरात शिकतो आणि बडोद्यात ज्योती भट्ट, शांती दवे यांच्यासारखे शिष्य घडवतो. या गोष्टीचा आपल्या शाळेत फारसा उल्लेख होत नाही, तो व्हायला हवा.

पदवीचा, म्हणजे बी.व्ही.ए.चा, अभ्यासक्रम चार वर्षांचा. बारावीची कुठलीही शाखा चालते. (वास्तुकला म्हणजे आर्किटेक्चर वेगळे, तिथे गणित लागते. पुष्कळ पालक या दोहोंत गल्लत करतात.) सुरुवातीला सगळ्यांना सगळे थोडेथोडे करावे लागते. रेखाटन, रंग, माती, छपाई आणि जोडीला कलेचा इतिहास. मग चित्रकला, शिल्पकला, ग्राफिक म्हणजे ठशांची छपाई, उपयोजित कला, कला-इतिहास अशा वाटा फुटतात. माती हातात घेतल्यावर आपण चित्रकार नसून शिल्पकार आहोत असे पुष्कळांना या काळातच कळते. म्हणून घरूनच शाखा ठरवून जाऊ नये.

पदव्युत्तर, म्हणजे एम.व्ही.ए., दोन वर्षांचा. पदवीचीच आणखी दोन वर्षे असे बरेच जण समजतात, तसे ते नाही. पदवीला शिक्षक काम देतात आणि विद्यार्थी ते करतो. पदव्युत्तरला शिक्षक विचारतात, ‘‘तुला काय करायचे आहे?’’ प्रवेशाच्याच वेळी स्वतःच्या कामाचा संच मांडावा लागतो आणि त्यावर बोलावे लागते. हाताने उत्तम असलेली मुले इथे अडखळतात, कारण आपण हे का काढले याचा विचार त्यांनी कधी केलेला नसतो.

स्वतःचा प्रश्न म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. ज्योती भट्ट बडोद्यात शिकले, न्यूयॉर्कला जाऊन छपाईची कला शिकले आणि परत येऊन शिकवू लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत फिरले. भिंतीवरची चित्रे, अंगणातली रांगोळी, दारातले साथिये यांचे त्यांनी हजारो फोटो काढले. आपल्या आज्या रोज सकाळी जे काढतात आणि संध्याकाळी पुसतात, ते नोंदवायला हवे असे त्यांना वाटले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे भूपेन खख्खर. हे चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्यास आले ते कलासमीक्षा शिकायला. पुढे घड्याळवाला, न्हावी, शिंपी अशा साध्या माणसांची चित्रे काढून ते जगभर ओळखले गेले, आणि हिशेबाची नोकरीही पुष्कळ वर्षे करत राहिले. आकड्यांत रमणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे.

आता डिझाईन. कला आणि डिझाईन यांत फरक काय, असे नेहमी विचारतात. आपला तांब्या घ्या. १९५८ साली सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स भारतभर फिरले आणि त्यांनी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणला तो तांब्या! त्यात पाणी किती मावते, भरल्यावर तोल कुठे जातो, कमरेवर घेतला तर कसा बसतो, गळ्याला धरता येतो का, ओतताना धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, किंमत काय. डिझाईन म्हणजे या सगळ्या प्रश्नांना एकाच आकाराने दिलेले उत्तर. चित्रकार तांब्याकडे पाहून तांब्याचे चित्र काढील, डिझायनरला मात्र तो वापरणाऱ्या बाईकडेही पाहावे लागते. याच अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एन.आय.डी. उभी राहिली. तिथे कापड, सिरॅमिक, फर्निचर, अ‍ॅनिमेशन असे अनेक विषय आहेत. पदवी चार वर्षांची, पदव्युत्तर अडीच. मुंबईच्या आय.आय.टी.तील डिझाईन विभाग १९६९ चा. आय.आय.टी.त पदवीसाठी युसीड आणि पदव्युत्तरसाठी सीड ही परीक्षा असते. सीडला इंजिनिअर किंवा इतर शाखेचे पदवीधरही बसू शकतात, म्हणजे बारावीला राहून गेले तरी वाट बंद होत नाही.

खर्चाचेही स्पष्ट बोलू. एन.आय.डी.सारख्या संस्थांची फी आपल्या विद्यापीठाच्या मानाने बरीच जास्त आहे. शिष्यवृत्त्या असतात, त्यांची चौकशी आधी करा. शिवाय रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च वर्षभर चालू राहतो. जे. जे. ला जायची इच्छा असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रातील सरकारी कला महाविद्यालयांच्या जागा मुख्यतः महाराष्ट्रात शिकलेल्यांसाठी असत आल्या आहेत. आपण घरी मराठी बोलतो, एवढ्याने ते दार उघडत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचूनच फॉर्म भरा.

इंग्रजीची भीती आपल्या मुलांना फार. पुस्तके इंग्रजीत आहेत हे खरे. पण मुलाखतीत आपल्या चित्राबद्दल चार वाक्ये मनापासून बोलता यावी लागतात, आणि ती आधी मराठीत सुचली नाहीत तर इंग्रजीतही सुचत नाहीत. म्हणून वहीतल्या प्रत्येक चित्राखाली एक-दोन ओळी मराठीत लिहायची सवय लावा.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी या महिन्याचा अभ्यास असा : घरातला तांब्या तीन वेळा काढायचा. एकदा समोर ठेवून, एकदा स्मरणाने, आणि एकदा आजीच्या किंवा आईच्या हातात, पाणी ओतताना. तिसऱ्या चित्राखाली लिहायचे की बोटे कुठे होती आणि का. वह्या शनिवारी दुपारच्या सुटीत चित्रकलेच्या खोलीत आणाव्यात. फोटोवरून काढलेला तांब्या मला लगेच ओळखू येतो!