जुन्या पेटीतील नवा उजेड

आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, जीर्ण नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, संगणकाची एक पिवळट पडलेली पेटी कित्येक वर्षे पडून होती. बाजारात हिला 'कॅबिनेट' म्हणतात. आम्ही या लेखात पेटीच म्हणू. तिच्या दर्शनी भागावर फ्लॉपी सरकविण्याची खाच आहे. ती खाच कशासाठी, हे दहावीच्या मुलांना समजावून सांगावे लागले, तेव्हा आमची पस्तिशी आम्हांस प्रथमच जाणवली. पेटी भंगारात द्यावयाची असे ठरले होते. त्याच सुमारास चार मुले व दोन मुली आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, ही पेटी आम्हांला मिळेल का? एका बाजूला काच बसवून आत दिवे लावायचे आहेत."

मराठीत 'दिवे लावणे' या शब्दप्रयोगास जो दुसरा अर्थ आहे, तो आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, शिकवितो भाषा. विजेशी आमचा संबंध बटण दाबण्यापुरताच. तथापि मुलांचा उत्साह मोडवेना, म्हणून आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी मिळविली. ती देताना त्यांनी एकच अट घातली: पेटीत जो संगणक बसेल, तो वाचनालयात सर्वांच्या उपयोगी पडला पाहिजे, नुसता शोभेचा ठेवा नको.

आता आत बसविण्यास संगणक कोठून आणावयाचा? 'विंडोज 10' या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि पुष्कळ कचेऱ्यांतून चांगली चालती यंत्रे बाजूस काढली गेली. असेच एक यंत्र एका पालकांनी शाळेस दिले. त्याची स्वतःची पेटी चेपलेली होती. मग वीस वर्षांपूर्वीच्या पेटीत अलीकडचे यंत्र बसेल कसे, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. 'इंटेल' कंपनीने 1995 साली 'एटीएक्स' नावाचे मोजमापांचे प्रमाण ठरवून प्रसिद्ध केले. मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, 305 मिलिमीटर लांब व 244 मिलिमीटर रुंद. तिच्या स्क्रूंची भोके अमुक जागी. मागील खाचा अमुक अंतरावर. पुढे लहान पाट्या निघाल्या, पण त्यांचीही भोके याच आराखड्यात बसविली गेली. यंत्राचा वेग कितीतरी पटींनी वाढला आणि भोके मात्र जेथल्या तेथेच राहिली! म्हणून जुनी पेटी सहसा निरुपयोगी होत नाही.

प्रथम पेटी रिकामी केली. हे काम बिनमहत्त्वाचे समजून कोणी टाळू नये. पत्रा कापताना उडणारा लोखंडाचा कीस मदरबोर्डावर पडला, तर दोन वाटा नको तेथे जोडल्या जातात आणि यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. धूळ मऊ कुंचल्याने झाडली. पंख्यावर ब्लोअरची हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती नेहमीपेक्षा अधिक वेगाने फिरून पंखा बिघडतो. मदरबोर्ड हाताळण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज निघून जाते. एक वस्तू मात्र आम्ही कोणासही उघडू दिली नाही. ती म्हणजे एसएमपीएस, भिंतीतील वीज यंत्रास मानवेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. भिंतीतील 230 व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज त्यात एका दिशेने वळविली जाते, तेव्हा आतील धारित्रांवर सुमारे 325 व्होल्ट साठतात. तार भिंतीतून काढल्यावरही ते काही काळ तेथेच राहतात. त्या डब्यावर सहा जणांपैकी कोणी बोटही ठेवावयाचे नाही, असे आम्ही बजावले; आणि या बाबतीत चर्चेस वाव ठेवला नाही.

खिडकी कापण्याचे श्रेय आमचे नव्हे. एका मुलीचे वडील उद्यमबागेतील कारखान्यात फिटर आहेत. रविवारी येऊन त्यांनी मुलांना पत्रा हाताळावा कसा, हे दाखविले. पत्र्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने आकृती काढली. चारी कोपऱ्यांत ड्रिलने भोके पाडली, आणि मग बारीक दातांचे पाते घालून जिगसॉने एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कापले. कोपऱ्यात भोक असले म्हणजे पाते वळविण्यास जागा मिळते. कापलेली कड इतकी धारदार असते की तीवर नुसते बोट फिरले तरी रक्त येते. म्हणून हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यानंतर कानस. मुलांना वाटले, पाच मिनिटांत आटोपेल. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडून दोन तास कानस चालवून घेतली. "हात फिरवून बघा, डोळ्यानं बघू नका," एवढेच ते मधूनमधून म्हणत.

येथे आमच्याकडून एक हयगय झाली. सायंकाळ झाली म्हणून कडेस रंग न लावताच आम्ही घरी गेलो. अवकाळी पावसाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो कानशीने चकचकीत केलेल्या कडेवर तांबूस गंज! तो पॉलिश कागदाने घासून काढावा लागला. मग प्राइमरचा थर, त्यावर काळा रंग, आणि तो वाळल्यावर रबराचा गोट बसविला. खिडकीसाठी काच न घेता 3 मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा नावफलक करणाऱ्याकडून कापून आणला. त्यास भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवावे आणि खाली लाकडाची फळी धरावी, नाहीतर तडा जातो. त्यावरील संरक्षक पापुद्रा सर्व काम संपल्यावरच सोलावा.

आता दिव्यांकडे येऊ.

या शतकाच्या आरंभी अमेरिका, युरोप इत्यादी देशांत हौशी मंडळी पेटीत दिवे लावू लागली, तेव्हा ती प्रायः शीत-कॅथोड नळ्या वापरीत. या बारीक काचेच्या नळ्यांना शेकडो व्होल्टांचा दाब लागे, आणि तो उत्पन्न करण्यासाठी एक निराळी डबी जोडावी लागे. नळी फुटण्याचे भय असे ते वेगळेच. आज त्यांची जागा एलईडीने घेतली आहे. लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 साली सिद्ध केला. निळा मात्र दीर्घकाळ कोणासही साधेना. जपानमध्ये इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांनी त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे उत्तम प्रतीचे स्फटिक वाढविले, आणि शुजी नाकामुरा यांनी 1993 साली तेजस्वी निळा दिवा जगापुढे ठेवला. या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका निळ्या रंगाचे इतके कौतुक का? कारण निळ्यावाचून पांढरा नाही. आपण ज्यास पांढरा एलईडी म्हणतो, तो बहुधा निळाच असतो. त्यावर चढविलेला पिवळा लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करतो, आणि दोहोंचे मिश्रण आपल्या डोळ्यांस पांढरे दिसते.

बाजारात हे दिवे चिकटपट्टीवर ओळीने बसविलेले मिळतात. 12 व्होल्टांच्या साध्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, आणि तेथेच ती कापता येते. तीनच का? गणपतीच्या मखरावर लावावयाची जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ आठवा. तिच्यात 6 व्होल्टांचे 38 दिवे एकापुढे एक, म्हणजे एकसर, जोडले की 228 व्होल्ट होतात; म्हणून ती थेट भिंतीतील विजेवर चालते. अशा माळेतला एक दिवा गेला की सारी माळ विझते, आणि आरतीच्या वेळी दोष कोठे आहे हे शोधीत घरातील कोणीतरी पाटावर उभा असतो. पट्टीवरही तोच हिशेब आहे. पांढऱ्या एलईडीस सुमारे 3.2 व्होल्ट लागतात. तीन एकसर जोडले की 9.6 झाले, 12 मधून 2.4 उरले. चौथा दिवा त्यात मावत नाही. उरलेल्या 2.4 व्होल्टांची विल्हेवाट लावण्यासाठी एक रोध बसवितात. दिव्यांतून 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर, धारा जावी अशी इच्छा असेल, तर ओहमच्या नियमाने 2.4 भागिले 0.02, म्हणजे 120 ओहमचा रोध हवा. असे तिघांचे गट मात्र एकमेकांशी समांतर जोडलेले असतात, म्हणून एक गट विझला तरी शेजारी जळत राहतो. एका मीटरमध्ये 60 दिवे, म्हणजे 20 गट, प्रत्येकी 0.02 अँपिअर धरल्यास 0.4 अँपिअर, त्यास 12 ने गुणिले की 4.8 वॅट. एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात 12 व्होल्टांसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहिले, म्हणजे हा भार त्याला अगदी किरकोळ आहे हे दिसून येते.

हा सर्व हिशेब आम्ही आज ऐटीत लिहीत आहोत. परंतु तो आम्ही शिकलो नंतर. आधी काय झाले ते सांगितलेच पाहिजे.

मुलांना एक रंग नको होता; रंग धावणारी, प्रत्येक दिवा निराळा पेटणारी पट्टी हवी होती. तशी एक आणली. एसएमपीएसच्या चार तारांच्या जोडाला, ज्यास कारागीर 'मोलेक्स' म्हणतात, पिवळी तार 12 व्होल्टांची, तांबडी 5 व्होल्टांची व दोन काळ्या परतीच्या असतात. दिव्यांना पिवळी तार लागते, एवढे आम्ही कोठेतरी ऐकले होते. मुलांनी विचारले, "सर, पिवळीच ना?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने मान हलविली. बटण दाबताच पट्टी क्षणभर लखलखली, करपल्याचा वास आला, आणि दिवेच नव्हे तर सारा संगणक विझला. खोलीत कोणी बोलेना. पालकांनी विश्वासाने दिलेले यंत्र, मुलांचे तीन आठवडे, मुख्याध्यापकांची अट, सर्व काही त्या अंधारात होते. आम्ही खरोखरच दिवे लावले होते!

ज्या मुलीच्या वडिलांनी कानस शिकविली, तीच प्रथम भानावर आली. तिने भिंतीतील तार काढली, जळकी पट्टी सोडविली आणि पाच मिनिटे थांबावयास सांगितले. पुन्हा बटण दाबले, तो पंखा फिरू लागला, पडदा उजळला. नव्या धर्तीच्या एसएमपीएसमध्ये अशी सोय असते की तारा एकमेकींस भिडल्या तर तो स्वतःच वीज तोडून बसतो. त्या सोयीने आमची लाज राखली. मग जळकी पट्टी भिंगाखाली धरली. धावत्या रंगांच्या अशा पट्टीत प्रत्येक दिव्यात एक लहानशी चिप असते आणि ती आज्ञा घेऊन पुढच्यास देते; आमची पट्टी 5 व्होल्टांची होती. तिच्या अंगावर दर काही बोटांवर '5व्ही' असे स्पष्ट छापलेले होते. जन्मभर मुलांना 'नीट वाचा' असे सांगणाऱ्या भाषाशिक्षकाने ती दोन अक्षरे वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही ते तसेच सांगितले. मुले हसली, आणि ते योग्यच झाले.

त्यानंतर शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर मागून आणला, प्रत्येक तार मोजून कागदावर लिहिली, आणि 12 व्होल्टांची साधी पांढरी पट्टी घेतली. ती कोठे चिकटवावी यावर पुन्हा वाद झाला. मुलांनी ती खिडकीच्या चौकटीभोवती लावून पाहिली. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश खुपे आणि आतले काहीच दिसेना. मखर करणाऱ्यास हे सांगावे लागत नाही: तो दिवा नक्षीमागे दडवितो आणि प्रकाश मूर्तीवर पाडतो. तसेच केले. अर्धा मीटर पट्टी पुढच्या कडेच्या आत व अर्धा मीटर वरच्या कडेच्या आत, खिडकीतून दिसणार नाही अशी बसविली. लगेच दुसरी पंचाईत उभी राहिली. उजेड पडताच तारांचा गुंता, जुनी धूळ, पुसायचा राहिलेला एक गंजका कोपरा, सारे काही दिसू लागले! तारा मागच्या बाजूने नेऊन बांधण्यात आणखी दोन दुपारी गेल्या. आमच्या घरच्या कोकणीत पुस्तक प्रसिद्ध झाले म्हणजे ते 'उजवाडाक' आले असे म्हणतात, आणि उजवाड म्हणजे उजेड. पुस्तक उजेडात आले की त्यातील मुद्रणदोषही उजेडात येतात, हे आम्ही या वार्षिकाच्या संपादनात अनुभविले आहे; पेटीचेही तेच.

बाजूच्या पत्र्यावरील हवेच्या जाळीची जागा खिडकीने घेतली, म्हणून मागील भागी गरम हवा बाहेर टाकणारा पंखा बसविला. दिव्यांचे 4.8 वॅट नगण्य आहेत. ऊब यावयाची ती प्रोसेसरची. आत मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घातली, आणि तीवर मराठी टंकलेखन उत्तम होते.

ही पेटी सध्या वाचनालयात खिडकीजवळच्या मेजावर आहे. पाचवीची मुले मधल्या सुट्टीत येतात आणि पंखा फिरताना पाहतात. कोणते काय, हे त्यांना सांगण्याची पाळी दहावीच्या सहा जणांनी आपसांत वाटून घेतली आहे. फ्लॉपीची खाच आम्ही तशीच राहू दिली. जळालेली पट्टी प्रयोगशाळेच्या कपाटात, तिसऱ्या खणात, पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली आहे. कोणास पाहावयाची असल्यास मागून घ्यावी.