चाळींतील कांद्याची घट व तिचा गुणक

रब्बीचा कांदा वैशाखांत चाळींत भरतांना शेतकऱ्यापुढें एकच प्रश्न असतो : आजच विकावा, कीं आश्विनापर्यंत थांबावें ? याचें उत्तर बाजारावर जितकें, तितकेंच घटीच्या हिशेबावर अवलंबून असतें. आणि या हिशेबांत भले भले चुकतात.

१०० क्विंटल कांद्याचा महिन्याअखेर ९२ क्विंटल उरला, तर घट ८ क्विंटल. ही घट मूळच्या वजनानें भागावी, उरलेल्या वजनानें नव्हे. म्हणजे शेंकडा ८. उरला शेंकडा ९२, म्हणून गुणक ०.९२. मूळ वजनास या गुणकानें गुणिलें असतां एकदम शिल्लकच हातीं येते.

आतां दरमहा शेंकडा ८ प्रमाणें पांच महिन्यांत किती जाईल ? पुष्कळ जण आठ पंचे चाळीस सांगून मोकळे होतात. परंतु दुसऱ्या महिन्याची घट १०० वर नसून ९२ वर धरावयाची. ९२ ला पुनः ०.९२ नें गुणिलें कीं ८४.६४, तिसऱ्या महिन्याअखेर ७७.८७, चौथ्या ७१.६४ व पांचव्या ६५.९१. घट सुमारें ३४ झाली, ४० नव्हे. प्रत्यक्षांत ती दरमहा सारखी नसते. पावसाळी दमट हवेंत सड वाढते. तेव्हां प्रत्येक महिन्याचा गुणक निराळा घेऊन ते सर्व एकमेकांनीं गुणावे. हे गुणक अंदाजानें ठरवूं नयेत. चाळीच्या निरनिराळ्या भागांत तोललेल्या दोनचार जाळीदार गोणी ठेवून, दरमहा सडका कांदा काढून त्या पुनः तोलाव्या.

खरी फसगत भावांत होते. काढणीचे वेळीं क्विंटलास १,२०० रुपये मिळत होते असें समजूं. घट ३४ टक्के, तेव्हां भावही ३४ टक्के चढला कीं भरपाई झाली, असें वाटतें. हा भाव झाला १,६०८ रुपये. ६५.९१ क्विंटलांचे त्या भावानें सुमारें १,०६,००० रुपये येतात. वैशाखांतच विकतां तर १,२०,००० आले असते. चौदा हजारांची खोट ! बरोबर भाव काढण्यास १,२०० ला ०.६५९१ नें भागावें. तो सुमारें १,८२१ रुपये येतो, म्हणजे शेंकडा ५२ ची वाढ हवी.

यांत चाळीचा खर्च, निवडण्याची मजुरी व कर्जाचें व्याज धरलेलें नाहीं. तीं सर्व मिळून १०,००० रुपये झालीं, तर तीही रक्कम ६५.९१ नेंच भागावी, १०० नें नव्हे. क्विंटलामागें आणखी १५२ रुपये चढतात, आणि लासलगांवच्या बाजारभावांत शोधावयाचा आंकडा १,९७३ होतो.