वाटेवरची चूल

दसरा झाला की रेणापूर तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघू लागतात. कोणी सांगलीला जातात, कोणी कोल्हापूरला, तर कोणी थेट कर्नाटकात. कोल्हापूर आपल्याकडून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ट्रकमध्ये माणसे, लेकरे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि पिठाची पोती असतात. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. कामाआधी मुकादमाकडून जी रक्कम मिळते ती 'उचल'. ती पुढे काम करून फेडायची असते. वाटेत हॉटेलात जेवत गेले, तर उसाला कोयता लागण्याआधीच उचल संपायला लागेल. मग हे लोक प्रवासात काय खातात?

ते शिदोरी खातात. प्रवासात बरोबर नेलेल्या खाण्याला मराठीत शिदोरी म्हणतात. आपण उर्दूत ज्याला तोशा म्हणतो, तीच ही. शिदोरी बांधणारी बाई शाळेत गेलेली असो वा नसो, तिला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : पदार्थात पाणी जितके कमी, तितका तो जास्त टिकतो. बुरशीला आणि जंतूंना वाढायला ओलावा लागतो. म्हणून शिदोरीत रस्सा नसतो, शेंगदाण्याची कोरडी चटणी असते. ही चटणी कित्येक दिवस खराब होत नाही. पीठ पाण्याऐवजी दुधात मळून केलेली भाकरी म्हणजे दशमी. ती दोन-तीन दिवस मऊ राहते. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तिखट, मीठ घालून केलेले धपाटेही असेच टिकतात. सोलापूरकडची कडक भाकरी तर पापडासारखी वाळवलेली असते आणि अनेक आठवडे चालते. सोबत कांदा असतोच. तो कापायला सुरी लागत नाही, बुक्कीने फोडला की झाले!

पण दोन दिवस कोरडे खाल्ले की गरम घासाची आठवण होते. त्या बाबतीत मालट्रकच्या ड्रायव्हरांकडून शिकावे. आपल्याकडे बरेच पुरुष चुलीजवळ फिरकत नाहीत. तेच ड्रायव्हर झाले की झकास पिठले करतात! कांदा, मिरची, हळद, मीठ आणि बेसन एवढ्या सामानात पिठले दहा मिनिटांत होते. मुलींना स्वयंपाक यावा असे सगळेच म्हणतात. मुलांनाही तो यावा असे मला वाटते, कारण वाटेत भूक कोणालाही लागते.

ड्रायव्हर रॉकेल किंवा गॅस जपून वापरतात. सकाळी निघताना मसूर किंवा हरभऱ्याची डाळ झाकणाच्या डब्यात भिजत घालतात. गाडी चालत असते आणि डाळ भिजत असते. दुपारी ती लवकर शिजते. भात थोडा कच्चा असतानाच पातेले उतरवायचे आणि झाकण घट्ट लावून गोधडीत गुंडाळून ठेवायचे. आतल्या उष्णतेवर अर्ध्या तासात तो आपोआप शिजतो. मात्र असा भात गरम असतानाच खावा. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला, तर त्यात काही जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. म्हणून प्रवासात रात्रीचा भात सकाळी खाण्यापेक्षा शिळी भाकरी बरी.

आपल्याच तालुक्यात निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. वजनासाठी कधी कधी रात्रभर थांबावे लागते. अशा वेळी गाडीजवळ तीन दगड मांडून चूल पेटते. चूल कोठे पेटवावी, हा प्रश्न चवीपेक्षा मोठा आहे. 26 ऑगस्ट 2023 रोजी तमिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका डब्यात आग लागली. त्यात लखनौहून आलेले यात्रेकरू होते. त्यांनी चोरून गॅसचे सिलिंडर बरोबर नेले होते. पहाटे चहा करताना भडका उडाला आणि 9 माणसे मरण पावली. रेल्वेत गॅस सिलिंडर किंवा पेटता स्टोव्ह नेणे हा गुन्हा आहे, तो याचसाठी.

ट्रकची केबिनही अशीच धोक्याची जागा आहे. थंडीत काही जण काचा बंद करून आत शेगडी ठेवतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. माणसाला डोके दुखल्यासारखे वाटते, गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. कोणी असा बेशुद्ध आढळला, तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

तेव्हा स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, वारा अडवणाऱ्या आडोशाला करावा. डिझेलची टाकी आणि उसाचे पाचट यांपासून चूल लांब असावी. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पाने. ती कागदासारखी पेट घेतात. जेवण झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काडीने राख हलवून पाहावी आणि वर माती टाकून मगच गाडी सुरू करावी.