स्नायूंची उचल

कला शाखेच्या विद्यार्थिनीने स्नायूंवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या नांदूरघाट परिसरातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. माझे आईवडीलही त्यांतलेच. तेव्हा अंगमेहनतीच्या वेळी शरीर बळ आणते कोठून, हा प्रश्न केवळ विज्ञान शाखेचा राहत नाही. त्याचे उत्तर सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत धावला. एकूण ३५ अडथळे ओलांडून त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. फरक अवघा ५ शतांश सेकंदाचा! अशी शर्यत बहुतांशी श्वासाच्या बळावर धावली जाते. पण शेवटच्या टप्प्यात धावपटू जीव तोडून पळतो, तेव्हा श्वासातून येणारा प्राणवायू पुरत नाही. मग ऊर्जा येते कोठून?

स्नायूंच्या बाजारात चालणारे नाणे एकच. त्याचे नाव एटीपी. भाकरी खा, गूळ खा वा शेंगदाणे खा, शेवटी त्याचे एटीपी झाल्याशिवाय स्नायू आखडत नाही. मात्र स्नायूत त्याचा साठा असतो जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरता. म्हणून ते सतत नव्याने तयार करावे लागते. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. हा पदार्थ स्नायूतच तयार असतो व तत्काळ एटीपी भरून देतो. पण जोराच्या कामात सुमारे दहा सेकंदांत तो बराचसा संपतो. अभिमानाची गोष्ट अशी, की भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत सायरस फिस्क यांच्यासह १९२७ साली या पदार्थाचा शोध जाहीर केला. एटीपीच्या शोधातही १९२९ साली या दोघांचा वाटा होता.

दुसरा मार्ग ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठविलेल्या साखरेचा. प्राणवायूची वाट न पाहता ती अर्धवट मोडली जाते. काम झपाट्याने होते, पण पदरात थोडेच पडते. साखरेच्या एका घटकामागे एटीपीचे तीनच रेणू मिळतात. तिसऱ्या मार्गाने, म्हणजे प्राणवायूच्या साह्याने, तीच साखर पूर्ण वापरली तर सुमारे तीस मिळतात. मात्र तो मार्ग संथ आहे. हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात, फक्त कामाच्या जोरानुसार प्रत्येकाचा वाटा बदलतो. मोळी डोक्यावर घेऊन आई फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा त्या काही सेकंदांचा भार मुख्यतः पहिल्या दोन मार्गांवर पडतो. दिवसभराची तोडणी मात्र तिसऱ्यावर चालते.

साखर अशी मोडताना लॅक्टेट तयार होते. ते विष आहे व दुसऱ्या दिवशीची अंगदुखी त्यानेच होते, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून ओसरते. हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, तर यकृत त्याची पुन्हा साखर करते. हे चक्र कोरी दांपत्याच्या नावाने ओळखले जाते. ग्लायकोजेनवरील संशोधनासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे सवय नसलेल्या कामाने स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेचे असते.

आता मुख्य मुद्दा. श्रम थांबले तरी धाप थांबत नाही, असे का? कारण पहिल्या दोन मार्गांनी घेतलेली ऊर्जा ही उचल असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात तिला प्राणवायूचे कर्ज म्हटले. आजचे शास्त्र सांगते, की फेडीत घेतलेला जादा प्राणवायू कमी पडलेल्या प्राणवायूहून अधिक भरतो. कारण तापलेले शरीर व वाढलेले ठोके पूर्ववत होईपर्यंत खर्च चालूच राहतो. म्हणजे येथेही व्याज आहेच! परंतु मुकादमाची उचल हंगामामागून हंगाम डोक्यावर राहते, तशी ही राहत नाही. क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा साधारण अर्ध्या मिनिटात परततो, बहुतेक सारा चार-पाच मिनिटांत. अट एकच, विसावा मिळाला पाहिजे. साखरेच्या साठ्याला मात्र पोटभर जेवण व पुष्कळ तास लागतात.

पैलवान दोन जोडींच्या मध्ये दम घेतो, त्याला आपण शहाणपण म्हणतो. मोळी टाकून कामकरी बाई क्षणभर टेकली, तर तिला आळशी म्हणतात. स्नायूंचा हिशेब मात्र दोघांचा एकच आहे. विसावा हा श्रमाचाच भाग आहे, एवढे आपण शिकलेल्यांनी तरी ध्यानी घ्यावे व ज्यांच्या घामावर आपले शिक्षण चालले आहे, त्यांनाही समजावून सांगावे.