दोन चिपांची जोडी : नोंदीचे रक्षण

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात मनोऱ्यावरील घड्याळ थांबले, तर ते सर्वांना दिसते. दुकानातल्या वीजमापकाची नोंद बिघडली, तर ती चुकीचे देयक हाती आल्यावरच कळते. म्हणून अशा नोंदीची काळजी उपकरण घडवितानाच घ्यावी लागते.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली फ्लॅश स्मृती विजेवाचूनही मजकूर जपते. तथापि तेथे नवे लिहिण्यापूर्वी जुना खंड पूर्ण पुसावा लागतो. त्याच क्षणी वीज गेली, तर जुनी नोंद नष्ट होते आणि नवी अपुरी राहते.

यावर उपाय दोन चिपांचा. नवी नोंद अनुक्रमांक व पडताळणीच्या बेरजेसह प्रथम एका चिपमध्ये लिहावी आणि वाचून ताडून पाहावी. त्यानंतरच दुसरी चिप पुसावी. वीज परतल्यावर दोन्ही चिपा तपासाव्यात. बेरीज जुळणाऱ्या नोंदींपैकी मोठ्या अनुक्रमांकाची नोंद ग्राह्य धरावी व तिच्यावरून दुसरी प्रत दुरुस्त करावी. दोन्ही चिपा एकाच वेळी पुसल्यास जोडीचा लाभ उरत नाही.

नक्कल ताडून पाहिल्यावाचून मूळ कागद फाडू नये, हा दप्तराचा जुना नियम येथेही लागू पडतो.