शीमध्ये रक्त दिसले तर

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलीला कालपासून जुलाब होत आहेत. आज शीमध्ये आव आणि रक्त दिसले. मागच्या आजारपणातले अँटिबायोटिक घरात आहे, ते देऊ का? सासूबाई म्हणतात, अंगावरचे दूध बंद कर.
— एक वाचक, बीड

उत्तर : ते अँटिबायोटिक देऊ नका. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांना अँटिबायोटिक लागतच नाही. रक्त पडते तेव्हा मात्र शिगेलासारख्या जिवाणूंचा संशय येतो. तिथे औषध लागते, पण कोणते आणि किती ते डॉक्टर ठरवतील. आजच दाखवा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना कधीही नकोत.

दूध चालूच ठेवा, सासूबाईंनाही समजावून सांगा. सोबत मऊ वरणभात द्या. खरा धोका अंगातले पाणी कमी होण्याचा. ओआरएसचे अख्खे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच मिसळा. अंदाजाने चिमूट-चिमूट टाकल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या. उरलेले 24 तासांनी ओतून टाका. जुलाब थांबले तरी झिंक (रोज 20 मिलिग्रॅम) 14 दिवस पूर्ण करा.

पुढे हे टाळायचे तर शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा, पाणी उकळा, दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले किंवा काही पीतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.