वाचता येत नाही म्हणजे लगेच 'एलडी' का? सहा महिन्यांच्या अटीची गोष्ट



सोनईत मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर आमचा पट वाढतो. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात येतात. अशाच एका हंगामात तिसरीत दोन मुलं शेजारी बसायची. मुलगा गावातला, पहिलीपासून रोज येणारा. मुलगी ऊसतोड कुटुंबातली, तिची शाळा दरवर्षी मध्येच तुटलेली. 'कमळ', 'बदक' दोघंही वाचायची. 'किल्ला' आला की मुलगा 'कला' म्हणायचा आणि मुलगी गप्प. दोघांनाही अध्ययन अक्षमता आहे, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. वर मुलाला तोच शब्द तीस-तीस वेळा लिहायला लावला, हे सांगायलाही आता लाज वाटते.

डीएसएम-5 ही निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकेतली 2013 सालची पुस्तिका. तिच्यातल्या दोन अटी शिक्षकाने पाठच कराव्यात. नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली हवी. आणि ती कमी दिसणं, कमी ऐकू येणं, शाळेची भाषा न येणं किंवा शिकवणंच अपुरं मिळणं यांमुळे आलेली नसावी. म्हणजे मुलीच्या बाबतीत माझं 'निदान' दुसऱ्या अटीवरच अडतं! निदान करणं तसंही आपलं काम नाही. पण 'मदत दिली होती का?' या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं, ते आपल्याच वहीत असतं.

म्हणून आधी आरबीएसके पथकाकडून दोघांचे डोळे-कान तपासून घेतले. मग रोज वीस मिनिटं. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 साली ध्वनी सुटे करणं आणि अक्षर-ध्वनीचं पद्धतशीर शिक्षण यांवर भर दिला, पण तो इंग्रजीच्या अभ्यासावरून. मराठीत तसाच उचलून चालत नाही. आपल्याकडे 'कि' मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तिचा आवाज नंतर येतो. जोडाक्षरात तर अर्धं अक्षर लपून बसतं. म्हणून पुस्तक मिटून, चिंचोके मांडून आधी तोंडी : 'कि', 'ल्', 'ला'. मग एका वेळी एकच स्वरचिन्ह, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. दर शुक्रवारी एक मिनिट नवा उतारा वाचायचा आणि बरोबर शब्द वहीत मांडायचे.

मुलीची रेघ चढत गेली. तिला शिकवणं कमी पडलं होतं, बाकी काही नाही. मुलाची रेघ थोडी हलली आणि तिथेच थांबली.

एका आईने मध्येच विचारलं, शहरातल्या क्लासमध्ये रंगीत काचांचा चष्मा सुचवलाय, घेऊ का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच सांगितलंय की वाचनअक्षमतेवर अशा काचांचा किंवा डोळ्यांच्या व्यायामाचा उपयोग असल्याचा पुरावा नाही. नंबर असेल तर साधा चष्मा जरूर घ्या. ते पैसे वाचले.

खरी पंचाईत सहा महिन्यांची. हंगाम त्याआधीच संपतो आणि कोयता गावाकडे परततो. मुलीच्या शिक्षण हमी कार्डासोबत मी शुक्रवारच्या नोंदींचं पान जोडून दिलं, म्हणजे पुढच्या बाईंना पुन्हा 'कमळ'पासून सुरू करायला नको.

मुलाला सहा महिने पूर्ण झाल्यावर नोंदींसह जिल्हा रुग्णालयात पाठवलं. केंद्राच्या जानेवारी 2018 च्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळायचं, आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. वडील म्हणाले, "सर, पोराला शिक्का बसंल का?" मी त्यांना परीक्षेतला जादा वेळ समजावला, तासाला वीस मिनिटं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तवर शुक्रवारचं ते मिनिट घरी मी घेऊ का?"

आता ते दर शुक्रवारी मोबाईलवर मिनिट लावतात.